पैसा बाजूला ठेवला, तर यश मोजायचे कशाने?

पासंग

नमस्कार. माझे काम वजने आणि मोजमापाची उपकरणे तपासून देण्याचे आहे. आमच्या भाषेत त्याला कॅलिब्रेशन म्हणतात, आणि मी ते २६ वर्षे करतो आहे. त्यामुळे मोजण्याविषयीचा कोणताही प्रश्न मला थोडा जास्तच छळतो.

गेल्या महिन्यात शाळेतल्या जुन्या मित्रांच्या गटात एकाने हौसेने यादी केली. कोण कोणत्या पदावर पोहोचला, कोणाची किती घरे झाली, कोणाची मुले कोठे शिकतात, असे सगळे त्यात होते. माझ्या नावापुढे त्याने ‘नोकरी, समाधानी’ असे लिहिले. त्याचा हेतू चांगलाच होता, याबद्दल मला शंका नाही. तरीही ‘समाधानी’ हा शब्द मला टोचला, कारण संपूर्ण यादीत तो फक्त तिघांच्या नावापुढे होता आणि त्या तिघांकडेही मोजण्यासारखे दुसरे काही त्याला सापडले नव्हते.

म्हणून हा धागा. संपत्ती, पद आणि मालमत्ता वगळून तुम्ही स्वतःचे यश कशावर ठरवता? माझी एकच विनंती आहे. ‘सुख मानण्यात असते’ अशी उत्तरे नकोत. ज्या मापाने कोणीच कधी कमी भरत नाही, ते माप नव्हे. तुमच्या व्याख्येनुसार तुम्ही अपयशीही ठरू शकला पाहिजेत. अशी व्याख्या कोणाकडे आहे का?

फळा_खडू

प्रश्न नेमका विचारला आहे, त्यामुळे उत्तरही नेमके देण्याचा प्रयत्न करतो. मी ३१ वर्षे गणित शिकवले. सुरुवातीची काही वर्षे माझ्या वर्गातून किती मुले पहिल्या क्रमांकांत येतात यावर मी स्वतःला जोखत असे. पुढे लक्षात आले की ती मुले माझ्याविनाही तेथे पोहोचली असती. तेव्हापासून मी जूनमध्ये वहीच्या शेवटच्या पानावर वर्गातल्या सर्वांत कच्च्या चार मुलांची नावे लिहू लागलो. त्या मुलांना वर्षाच्या अखेरीस अपूर्णांकांची बेरीज स्वतःहून करता आली आणि ती का जमते हे सांगता आले, तर ते वर्ष यशाचे.

आपण विचारले आहे म्हणून दुसरी बाजूही सांगतो. त्या ३१ वर्षांपैकी निदान नऊ वर्षे मी या मापाने नापास झालो. एका वर्षी त्या चारांपैकी एक मुलगा दिवाळीनंतर शाळेतच आला नाही, आणि मी त्याच्या घरी जायला तीन आठवडे लावले. मी पोहोचलो तोवर ते कुटुंब गाव सोडून गेले होते. नंतर मला आदर्श शिक्षक म्हणून मानपत्र मिळाले, तेव्हा व्यासपीठावर मला तो मुलगाच आठवत होता.

अनवाणी

या धाग्याच्या शीर्षकाशीच माझे मतभेद आहेत, आणि ते मी मोकळेपणाने मांडणार आहे.

‘पैसा बाजूला ठेवला तर’ असे म्हणायला आधी तो हातात असावा लागतो. माझ्या वडिलांचे कर्ज फेडायला मला माझी पहिली साडेपाच वर्षांची कमाई लागली. सावकार दारात येई तेव्हा आई आतल्या खोलीत जाऊन बसे, कारण त्याच्याशी काय बोलावे हे तिला सुचत नसे. ज्या दिवशी शेवटचा हप्ता फेडला, त्या संध्याकाळी ती पुढच्या दारात खुर्ची टाकून बसली. माझ्या आयुष्यातले सर्वांत मोठे यश कोणते, असे कोणी विचारले तर मी ती खुर्ची दाखवेन. ती पैशानेच आली होती. धाकट्या बहिणीची शाळा सुटली नाही, हेही पैशानेच घडले.

म्हणून संपत्तीला कमी लेखणारे बोलणे ऐकले की मला राग येतो. ज्याच्या घरात औषध आणि फी यांपैकी एकच निवडावे लागते, त्याला हे बोलणे अपमानासारखे वाटते.

दीपमाळ

अनवाणी, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. खुर्चीचे चित्र डोळ्यांसमोरून जात नाही.

लघुगणक

अनवाणी यांच्या बाजूने थोडी आकडेवारी मांडतो, कारण या विषयावर अर्धवट आकडे फार फिरतात.

२०१० साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील साडेचार लाखांहून अधिक उत्तरांच्या आधारे त्यांनी असे मांडले की वार्षिक उत्पन्न सुमारे ७५,००० डॉलरपर्यंत वाढते तसे रोजच्या भावना सुधारतात आणि त्यापुढे ही वाढ थांबते. हे वाक्य जगभर गेले. त्याच निबंधातला दुसरा निष्कर्ष मात्र मागे राहिला. ‘एकूण आयुष्याला किती गुण द्याल?’ या प्रश्नाचे उत्तर त्या मर्यादेपुढेही उत्पन्नासोबत वाढतच होते.

पुढे २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांनी ३३,००० हून अधिक नोकरदारांना दिवसभरात मधूनमधून ‘आत्ता कसे वाटते आहे?’ असे फोनवरून विचारले. त्यांना रोजच्या भावनांतही अशी मर्यादा दिसली नाही. मग कानमन आणि किलिंग्जवर्थ यांनी बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ घेऊन एकत्र काम केले आणि २०२३ मध्ये संयुक्त निष्कर्ष मांडला. बहुतेकांच्या बाबतीत उत्पन्नासोबत बरे वाटणे वाढत राहते. जे आधीच सर्वांत दुःखी आहेत, अशा सुमारे २० टक्के लोकांत मात्र ते एका टप्प्यानंतर सपाट होते. म्हणजे ज्याच्या दुःखाचे कारण वियोग किंवा नैराश्य आहे, त्याला एका मर्यादेनंतर पैसा उपयोगी पडत नाही.

दोन वैज्ञानिकांनी भांडत न बसता एकाच मेजावर बसून स्वतःची चूक शोधावी, हे मला स्वतंत्रपणे फार मोलाचे वाटते. धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की ही वाढ लघुगणकी आहे. उत्पन्न दुप्पट झाले की ठरावीक भर पडते आणि पुन्हा तेवढीच भर हवी असेल तर पुन्हा दुप्पट करावे लागते. अनवाणी यांच्या घरी आलेला पहिला पैसा आणि एखाद्या श्रीमंताकडे आलेला तेवढाच पैसा यांच्यात आकाशपाताळाचे अंतर आहे. ‘पैशाने काही होत नाही’ हे चूक आहे, आणि ‘जितका पैसा तितके यश’ हेही चूक आहे.

शब्दवेल्हाळ

थोडे अवांतर वाटेल, पण मूळ प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. आपण ज्या शब्दांत हा विचार करतो, ते शब्दच वेगवेगळ्या दिशांना ओढतात.

‘यश’ या शब्दाचा संस्कृतातला मूळ अर्थ कीर्ती. म्हणजे चार लोकांनी नाव घेतले तरच यश, आणि कोणी पाहिलेच नाही तर नाही. ‘सफल’ म्हणजे फळासह. झाड लावले, पण फळ आले नाही, तर श्रम कितीही असले तरी ते सफल नव्हेत. तिसरा शब्द आहे ‘कृतार्थ’. ज्याचा अर्थ, म्हणजे हेतू, साधला गेला तो कृतार्थ. येथे लोक बघत आहेत की नाही हा प्रश्न उरत नाही. स्वतःचा हेतू काय होता हे मात्र माणसाला माहीत असावे लागते.

गंमत अशी की ‘अर्थ’ या एकाच शब्दात आपण धनही ठेवले आहे आणि आशयही. अर्थशास्त्रातला अर्थ धनाचा आणि ‘आयुष्याला काही अर्थ असावा’ यातला अर्थ आशयाचा. चार पुरुषार्थांतही अर्थाला स्वतःचे स्थान आहे, त्याला कोणी हाकलून दिलेले नाही. म्हणून अनवाणी यांचे म्हणणे परंपरेला धरूनच आहे असे मला वाटते.

पासंग यांच्या मित्राने यादी केली ती ‘यशा’ची. पासंग बहुधा ‘कृतार्थते’विषयी विचारत आहेत. ही दोन निराळी मापे आहेत आणि एकाच्या काट्यावर दुसरे तोलले की वजन चुकणारच.

पंचविशी

सर्वांचे प्रतिसाद वाचते आहे. मी वयाने या धाग्यावर बहुधा सर्वांत लहान असेन. मला व्याख्या कळतात, पण टिकवता येत नाहीत. सकाळी मी ठरवते की माझे काम मन लावून करणे हेच माझे यश. दुपारी एखाद्या मैत्रिणीच्या बढतीची बातमी कळते आणि संध्याकाळपर्यंत माझी व्याख्या बदललेली असते. हे तुम्ही कसे थांबवले?

पासंग

पंचविशी, तुमच्या प्रश्नावर माझ्या क्षेत्रातली एक खरी गोष्ट सांगतो.

१८८९ पासून २०१९ पर्यंत जगातला किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळच्या एका तिजोरीत काचेच्या घंटांखाली ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक लहानसा दंडगोल होता. त्याच्या प्रती देशोदेशी दिल्या होत्या आणि दीर्घ कालावधीनंतर त्या मुळाशी ताडून पाहत. सुमारे शंभर वर्षांत मूळ आणि प्रती यांच्यात साधारण ५० मायक्रोग्रॅमपर्यंत फरक पडलेला आढळला. प्रती जड झाल्या की मूळच हलके झाले, हे सांगायचा मार्गच नव्हता, कारण व्याख्येनुसार मूळ दंडगोल कधीच चूक ठरू शकत नव्हता. त्याचे वस्तुमान बदलले असते, तर कागदावर उरलेल्या सगळ्या जगाचे बदलले असते. अखेर २० मे २०१९ पासून किलोग्रॅम निसर्गातल्या एका स्थिरांकाशी, प्लांकच्या स्थिरांकाशी, बांधला गेला.

आपण मैत्रिणीच्या बढतीवर स्वतःला तोलतो, तेव्हा तो दंडगोल दुसऱ्याच्या तिजोरीत असतो. तिचे काही बदलले की आपण जागेवरून न हलताही हलके होतो. हे थांबवले कसे, याचे उत्तर माझ्याकडे नाही. ती यादी पाहून मलाही दोन रात्री झोप आली नव्हती.

अक्षांश

पासंग, ही ओढ केवळ तुमची किंवा पंचविशीची नाही. १९९८ मध्ये सारा सोलनिक आणि डेव्हिड हेमेनवे यांनी हार्वर्डमधील २५७ जणांना एक काल्पनिक निवड दिली. तुम्ही ५०,००० मिळवता आणि इतर २५,०००, असे जग हवे की तुम्ही १,००,००० मिळवता आणि इतर २,००,०००, असे? वस्तूंच्या किमती दोन्हीकडे सारख्याच होत्या. जवळपास निम्म्या लोकांनी पहिले जग निवडले. म्हणजे इतरांच्या पुढे राहण्यासाठी त्यांनी स्वतःचे निम्मे उत्पन्न सोडले. सुट्टीच्या दिवसांविषयी तोच प्रश्न विचारला तेव्हा मात्र बहुतेकांनी इतरांकडे न बघता जास्त सुट्टी मागितली.

यावरून मी स्वतःसाठी एक कसोटी घेतली आहे. जी गोष्ट मिळाल्यावर शेजाऱ्याला किती मिळाली हे पाहावेसे वाटत नाही, ती माझ्या यशाच्या व्याख्येत जाते. मोकळी दुपार, शांत झोप, मुलाबरोबर पोहायला जाणे. दुसऱ्याची झोप जास्त गाढ आहे म्हणून माझी कमी होत नाही.

जाता जाता एवढेच की देशांनाही हाच प्रश्न पडला होता. राष्ट्रीय उत्पन्नाचे मोजमाप उभे करणाऱ्या सायमन कुझ्नेट्स यांनी १९३४ च्या आपल्या अहवालातच लिहून ठेवले होते की या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज बांधणे कठीण आहे. १९९० मध्ये महबूब उल हक यांच्या पुढाकाराने मानव विकास निर्देशांक आला. त्यात आयुर्मान आणि शिक्षण यांच्या जोडीला उत्पन्नही ठेवले आहे, तेही लघुगणक घेऊनच. पैसा हाकलला नाही, त्याला तिघांतला एक केले. व्यक्तीसाठीही हे वाईट नाही असे वाटते.

दीपमाळ

अक्षांश यांच्याशी सहमत, पण माझ्या मते तिघांमध्ये माणसे हवीत. हार्वर्डचाच दुसरा अभ्यास आहे, १९३८ पासून चाललेला. ७२४ पुरुषांपासून सुरुवात झाली. त्यांतले काही विद्यापीठातले विद्यार्थी होते आणि बाकीचे बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली मुले. अनेक दशकांनी असे दिसले की पन्नाशीत जे आपल्या नात्यांविषयी सर्वांत समाधानी होते, ते ऐंशीत सर्वांत निरोगी होते. मला तरी याहून स्पष्ट उत्तर माहीत नाही. जवळची माणसे किती आणि त्यांच्याशी नाते कसे, हेच यश.

एकांडा

दीपमाळताई, आपला हेतू मला कळतो, तरीही येथे मी ठामपणे असहमत आहे.

मी एकटा राहतो. लग्न झाले नाही, भावंडे नाहीत आणि जे दोन जवळचे मित्र होते त्यांपैकी एक आता नाही. यात माझा दोष किती आणि योगायोग किती, हे मी अनेक वर्षे शोधतो आहे. पैशाच्या मोजपट्टीवर मी मागे पडलो, तर ती पट्टी अन्याय्य आहे असे आपण सगळे म्हणतो. मग नात्यांची मोजपट्टी तितकीच निर्दयपणे लावायची का? ज्याचे मूल गेले, ज्याला जोडीदार मिळाला नाही, ज्याच्या घरच्यांनी त्याला दूर केले, त्याचे आयुष्य अयशस्वी ठरवणारी व्याख्या मला मान्य नाही.

मी जुनी घड्याळे दुरुस्त करतो. महिन्यातून एकदा वृद्धाश्रमात जाऊन तेथल्या लोकांची घड्याळे आणि श्रवणयंत्रांची बटणे नीट करून देतो. तेथे कोणी माझे नातेवाईक नाही. त्या दिवशी मी घरी परततो, तेव्हा काही कमी पडले असे वाटत नाही.

लघुगणक

एकांडा यांच्या आक्षेपाला दुजोरा द्यावाच लागेल. त्या अभ्यासातले मूळचे सगळे लोक पुरुष होते, आणि नात्यांमुळे आरोग्य टिकते की निरोगी माणसाची नाती टिकतात, हे नुसत्या निरीक्षणावरून पूर्णपणे सुटे करता येत नाही. शिवाय दीर्घायुष्य कशाने लाभते आणि यश कशाला म्हणावे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर आकडे देऊ शकतील. दुसऱ्याचे आपल्यालाच द्यावे लागेल.

दीपमाळ

एकांडा, मी घाईने लिहिले. ‘जवळची माणसे किती’ हे शब्द मी मागे घेते. आपण वृद्धाश्रमात जाता, तेही नातेच आहे, फक्त त्याला नाव नाही. हे मला आधी सुचायला हवे होते.

रात्रपाळी

मी २२ वर्षे परिचारिका आहे, त्यातली शेवटची आठ वर्षे ज्यांचा आजार बरा होणार नाही अशा रुग्णांच्या कक्षात. शेवटच्या क्षणी माणसे शहाणपणाचे काहीतरी सांगतात आणि ‘काम कमी करायला हवे होते’ असे म्हणतात, अशी एक समजूत आहे. माझा अनुभव इतका सुबक नाही. बहुतेकांना श्वास लागलेला असतो, ग्लानी असते. जे बोलतात ते साधे बोलतात. धाकटी निघाली का, दिवा मालवा, पाणी द्या.

मला आठवतात ते एक बॉयलर-कारागीर. मुलगा भेटायला आला की ते त्याला एकच विचारीत, ‘ती झडप बदलली का?’ ते जेथे काम करीत तेथली एक झडप सैल होती, आणि निवृत्त होताना त्यांनी ती लिहून दिली होती. मुलाने शेवटी तेथे जाऊन चौकशी केली, झडप बदलल्याचे पाहून आला आणि तसे सांगितले. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा विचारले नाही. त्या माणसाचे कामावर प्रेम होते आणि त्याला त्याचा पश्चात्ताप नव्हता. म्हणून ‘काम की माणसे’ अशी लढाई लावू नये असे मला वाटते. त्या झडपेमागे रोज उभे राहणारे कोणीतरी माणूसच होते.

फळा_खडू

रात्रपाळीताई, आपल्या प्रतिसादानंतर काही लिहावेसे वाटत नव्हते. तरी एक गोष्ट नोंदवतो, ‘सफल’ या शब्दाच्या संदर्भात. ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्याच्या हजारो रोपांवर आठ वर्षे प्रयोग केले आणि १८६६ मध्ये आनुवंशिकतेवरचा निबंध छापला. त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही. १८८४ मध्ये ते वारले आणि १९०० मध्ये तीन शास्त्रज्ञांना त्या निबंधाचे महत्त्व उमगले. आता विचारतो, १८८४ मध्ये मेंडेल यशस्वी होते की नव्हते? कीर्ती नव्हती, फळ दिसले नव्हते. त्यांच्या वहीतली गणती मात्र तेव्हाही बरोबरच होती.

पंचविशी

मला गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमान आठवले. २००६ चे फील्ड्स पदक त्यांनी नाकारले आणि २०१० मध्ये पॉइंकारे अनुमान या गणितातल्या जुन्या कोड्याच्या सिद्धतेसाठी जाहीर झालेले दहा लाख डॉलरही नाकारले. त्यात गणितज्ञ रिचर्ड हॅमिल्टन यांचा वाटा आपल्याइतकाच आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

अनवाणी

पंचविशी, पेरेलमान यांच्याविषयी मला आदर आहे. तरी नाकारण्यासाठी आधी कोणीतरी द्यावे लागते, हेही लक्षात ठेवा. नाकारण्याचे स्वातंत्र्य हेच माझ्या मते पैशाने विकत मिळणारे सर्वांत मोलाचे सुख आहे. माझ्याकडे ते तिशीनंतर आले.

येथे थोडे माझे मतही सरकले आहे, ते प्रामाणिकपणे लिहितो. कर्ज फिटल्यानंतरही मी बारा वर्षे त्याच वेगाने धावत राहिलो. भीती गेली नव्हती. किती झाले म्हणजे पुरे, हे मी कधी ठरवलेच नव्हते. आई त्या खुर्चीवर बसलेली असे आणि मी घरी नसे. लघुगणक यांनी दुप्पट आणि पुन्हा दुप्पट असे लिहिले, ते वाचून मी बराच वेळ गप्प बसलो.

जमाखर्च

माझी गोष्ट उलट दिशेची आहे. माझा छोटा छपाईचा व्यवसाय होता आणि तो बुडाला. दिवाळखोरी जाहीर करून मी मोकळा होऊ शकलो असतो, आणि कायद्याने त्यात काही गैर नव्हते. परंतु अकरा कामगारांचे चार महिन्यांचे वेतन आणि कागद पुरवणाऱ्या दोन लहान व्यापाऱ्यांचे पैसे थकले होते. नोकरी धरली आणि सात वर्षांत सगळे फेडले. नातेवाइकांच्या लेखी मी आजही ‘धंद्यात अपयशी ठरलेला’ आहे. त्यांचे म्हणणे खोटे नाही, धंद्यात मी अपयशीच ठरलो. कागदाचे भाव वाढताना मी जुन्या दराने कामे घेत राहिलो, ही माझी चूक होती.

पासंग यांनी नापास करू शकणारे माप मागितले. माझे माप एवढेच आहे की त्या अकरांपैकी कोणी रस्त्यात समोरून आला तर मला पलीकडे वळावे लागू नये. सात वर्षे वळावे लागत होते. आता लागत नाही.

ओसरी

जमाखर्च, आपले धाडस पाहून मीही लिहिते.

आईला स्मृतिभ्रंश झाला तेव्हा मी विभागप्रमुख होणार होते. पद सोडले आणि सहा वर्षे तिला सांभाळले. लोक याला त्याग म्हणतात, कोणी मला आदर्शही म्हणतात, आणि दोन्ही शब्दांनी मला अस्वस्थ वाटते. ते पद मला मनापासून हवे होते. आजही त्या इमारतीसमोरून जाताना पोटात खड्डा पडतो. आईजवळ काही दिवस मी फार चांगली वागले. काही दिवस तिने तोच प्रश्न चाळिसाव्यांदा विचारल्यावर मी तिच्यावर ओरडले, आणि ती लहान मुलासारखी दचकली.

त्यामुळे मला या सहा वर्षांना यश म्हणता येत नाही आणि अपयशही म्हणता येत नाही. शेवटच्या वर्षी तिला माझे नाव आठवत नसे. तरी तिचे केस विंचरायला बसले की ती मान सैल सोडून देई. परक्या कोणी हात लावला तर ताठ होई. ती मान सैल पडणे मी माझ्या खात्यात लिहिते. एखादे पद आणि ही गोष्ट एकाच तराजूत घालायची वेळ कोणावर येऊ नये. माझ्यावर आली, आणि मी केलेल्या निवडीची किंमत मोजली, हे मला दडवायचे नाही.

शब्दवेल्हाळ

ओसरी, मराठीत आपण ‘सार्थकी लागणे’ असे म्हणतो. त्यात जिंकण्याचा भाव नाही. वेळ, कष्ट किंवा एखादी वस्तू योग्य जागी खर्ची पडली, एवढाच भाव आहे. खर्च झाला हे त्यात मान्य केलेले असते. आपल्या सहा वर्षांसाठी मला हाच शब्द बरोबर वाटतो.

पासंग

सगळे प्रतिसाद मी सलग दोनदा वाचले. आपण सर्वांनी फार मनापासून लिहिले, त्याबद्दल कृतज्ञ आहे. आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण उत्तर देण्याची जबाबदारी माझीही आहे.

आमच्या प्रमाणपत्रावर केवळ ‘बरोबर’ असे कधी लिहीत नाहीत. मापन किती अनिश्चित आहे ते आकड्यात लिहावे लागते आणि उपकरण पुन्हा कधी तपासायचे तेही ठरलेले असते. ओसरी यांनी लिहिले ते वाचताना मला हे जाणवले. स्वतःविषयी ‘यशस्वी’ असा निकाल देणे मी आता सोडून देणार आहे. त्याऐवजी जमाखर्च यांच्याप्रमाणे मला एक प्रश्न हवा होता, आणि शोधता शोधता तो माझ्याच कामात सापडला.

चौदा वर्षांपूर्वी एका ठिकाणचा नवजात बाळांचा वजनकाटा माझ्याकडे तपासायला आला. तो सुमारे ९० ग्रॅम जास्त दाखवत होता. त्यांना प्रमाणपत्र लगेच हवे होते आणि दुरुस्ती पुढच्या महिन्यात करणार होते. तीन किलोच्या बाळाचे वजन जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत ७ ते १० टक्के घटू शकते, म्हणजे दोनशे ते तीनशे ग्रॅम. नेहमीची घट कोणती आणि काळजीची कोणती, हे ज्या काट्यावर ठरते तोच ९० ग्रॅमने चुकत असेल आणि जन्मवेळचे वजन दुसऱ्या काट्यावर घेतलेले असेल, तर एखाद्या बाळाचे खालावणे लक्षातच येणार नाही. शिवाय औषधाची मात्राही वजनावरच ठरते. मी सही केली नाही. ते ग्राहक गेले आणि जाताना आणखी तिघांना घेऊन गेले. त्या वर्षी माझी वेतनवाढ झाली नाही. घरी मी हे अपयश म्हणूनच सांगितले होते, आणि आजपर्यंत तेच समजत होतो.

माझा प्रश्न असा आहे: या वर्षी मी ज्या ज्या कागदावर सही केली, त्यावर विसंबून माझ्या स्वतःच्या नातवाला त्या काट्यावर ठेवीन का? यात मी नापास होऊ शकतो. २००९ साली एकदा झालोही आहे, त्याविषयी कधीतरी वेगळे लिहीन.

अनवाणी यांचे म्हणणे मी पूर्ण स्वीकारतो. त्या वर्षी वेतनवाढ नसतानाही आमचे घर चालले, म्हणूनच मला सही नाकारता आली. घर चालले नसते तर मी काय केले असते, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

काल त्या मित्राला फोन करून यादीत माझ्या नावापुढे ‘वजने तपासतो’ असे लिहायला सांगितले. त्याने कारण विचारले नाही, लगेच बदलले.

अनवाणी

पासंग, ‘सांगू शकत नाही’ असे लिहिलेत, याबद्दल आभार. मला या धाग्याकडून तेवढेच हवे होते.

पंचविशी

फळा_खडू सर, तुमची चार नावांची पद्धत मी उचलते आहे. माझ्या हाताखाली यंदा दोन नवीन मुली आल्या आहेत. त्यांची नावे वहीच्या शेवटच्या पानावर लिहिली आहेत. मार्चमध्ये कळवते.

फळा_खडू

जरूर कळवा. जमले नाही तरी कळवा.

रात्रपाळी

पासंग, एक विचारायचे आहे. पुढच्या महिन्यापासून माझी बदली प्रसूतिकक्षात होते आहे. तेथला बाळांचा काटा मी काल पाहून आले. त्यावरच्या चिठ्ठीची मुदत सात महिन्यांपूर्वीच संपली आहे, आणि तो रोज एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेतात. तपासणी होईपर्यंत आम्ही काय करावे?

पासंग

आधी तो हलवणे थांबवा आणि एका सपाट, पक्क्या मेजावर कायमचा ठेवा. खाली पातळी दाखवणारा बुडबुडा असेल, तो वर्तुळाच्या मधोमध आहे का ते पाहा. नसेल तर पायांचे स्क्रू फिरवून आणा. मग कोणाकडून तरी दोन किलोचे तपासलेले प्रमाण वजन मिळवा आणि रोज सकाळी पहिल्या बाळाआधी ते ठेवून आकडा वहीत लिहा. चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहा, मधोमध एकट्याने कळत नाही. आकडा सरकू लागला तर त्याच दिवशी काटा बाजूला काढा. वरिष्ठांना तपासणीसाठी लेखी कळवा आणि त्याची प्रत ठेवा. काट्याचा प्रकार आणि त्याचा सर्वांत लहान भाग किती ग्रॅमचा आहे हे मला निरोपात कळवा, म्हणजे किती फरकापर्यंत चालेल ते आज रात्रीच सांगतो.

रात्रपाळी

पाच ग्रॅम. निरोप पाठवला आहे.